कारणाचा रकाना

आमच्या धंद्यात एक काळ असा होता, की चांगला मेकॅनिक कोण, तर जो कॉम्प्युटर देताना अपडेट बंद करून देतो. गिऱ्हाईक स्वतःच विचारायचं, "भाऊ, ते अपडेट बंद केलं ना?" आणि मी छाती काढून म्हणायचो, "आपलं काम पक्कं असते." यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मशीन पडद्यावर 'बंद करू नका' असं बजावत अपडेट घेत बसायचं आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची. बॅटरी जुनी, ती दोन मिनिटंही धरत नसे. अर्धवट अपडेट झालेलं मशीन मग उठायचंच नाही, आणि मला वणीहून मोटरसायकलवर कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खात जावं लागायचं. असं चार-पाचदा झाल्यावर मी शहाणा झालो. निदान मला तसं वाटलं.

दुसरं शहाणपण याहून मोठं. त्या धुळीच्या रस्त्याला कंटाळून मी गिऱ्हाइकांच्या राउटरमध्ये एक दार उघडं ठेवू लागलो. राउटर म्हणजे बाहेरचं इंटरनेट आत आणणारी ती भिंतीवरची डबी. त्या दारातून मला दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या मशीनमध्ये शिरता यायचं, अडलेलं काम पंख्याखाली बसून उरकता यायचं. शिरताना अडवू नये म्हणून मशीनचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, तोही झोपवून ठेवायचो. मनात म्हणायचो, या आडवळणाच्या गावात कोण येतं चोरी करायला? इंटरनेटवर आडवळण नावाची जागाच नसते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आळशी माणसाला जे ठाऊक असतं ते सोयीच्या वेळी आठवत नाही, एवढंच.

झरी तालुक्यात, मुकुटबनच्या पुढे, एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. गावाचं नाव नको. तिथली सातही मशीनं माझ्या हातची होती. कार्यालयात ऑपरेटर म्हणून एक ताई होत्या. तिशीच्या आसपासच्या, कंत्राटावर लागलेल्या, त्याच गावच्या बौद्ध वस्तीतल्या. आधीचा ऑपरेटर मशीन अडलं की त्याला चापट मारायचा. ताई मारत नसत, लिहून ठेवत. दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा ओढून त्यांनी रकाने केले होते: तारीख, वेळ, मशीन कोणतं, पडद्यावर काय दिसलं, आणि शेवटचा रकाना, कारण. कागद अडकला, माउस चालेना, प्रिंटरने रेघ मारली, सगळं त्यात. मी गेलो की वही पुढे यायची. त्या विचारायच्या, "कारण काय लिहू, भाऊ?" मी सांगेन ते त्या सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायच्या. मी चिडवायचो, "ताई, डॉक्टर लोकंबी एवढी केस लिहत नाईत." त्या हसायच्या, पण रकाना भरल्याशिवाय मला सोडायच्या नाहीत.

आणखी एक सांगायला हवं. त्या कॉलेजात कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे लांबच्या वस्त्यांवरून येणारी बरीच मुलं होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी त्यांचे दाखले लागायचे आणि एका दाखल्यापायी पोरांची दोन-दोन वेळा पायपीट व्हायची. ताई रविवारी गावातल्या विहारात बसायच्या, आपल्या मोबाइलवर मुलांच्या दाखल्यांचे फोटो काढायच्या, ते पेनड्राइव्हमध्ये भरायच्या आणि सोमवारी कॉलेजात आणायच्या. लाल रंगाचा पेनड्राइव्ह, हरवू नये म्हणून त्याला काळा दोरा बांधलेला. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे शेवटचे दिवस चालू होते आणि मशीनं पडू लागली. चालता चालता एकाएकी पडदा निळा, वर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि सगळं ठप्प. पुन्हा सुरू करावं, दहा मिनिटं चालावं, पुन्हा निळं. आज एक, उद्या तीन, परवा सातांपैकी सहा. दुकानात बसून माझ्या त्या लाडक्या दारातून शिरायला गेलो, तर मशीन उभंच राहीना. झक मारत जावं लागलं.

दुपारी पोचलो. कार्यालयात प्राचार्य, बडे बाबू, चपराशी आणि संस्थेचे सचिव, सगळे उभे. बाहेर व्हरांड्यात मुलं कागद धरून बसलेली. मी बॅग टेबलावर ठेवली आणि नेहमीचा रामबाण काढला, म्हणजे मशीन पुसून सगळं नव्याने टाकलं. माझ्याकडे तयार कॉपी असायची, सगळ्या तालुक्यात तीच लावलेली. तिच्यातही अपडेट बंदच होतं. दीड तासाने मशीन लख्ख उभं राहिलं. "झालं सर," मी म्हणालो. केबल लावली, ताईंनी पहिला फॉर्म उघडला आणि पडदा निळा झाला. सगळ्यांच्या देखत.

मला राग आला. मशीनचा नाही, लाजेचा. माझं असंच आहे, लाज वाटली की मी ती रागात बदलून दुसऱ्यावर टाकतो. ताईंनी वही पुढे केली. "भाऊ, हे पहा ना. मी सारं लिहून ठेवलं. हरेक वेळी पडद्यावर एकच नाव येऊन राह्यलं." मी वही घेतली, दोन पानं उलटली, मिटली आणि बॅगेत टाकली. "पाहतो," म्हटलं.

"पण कारण काय हो याचं?" प्राचार्यांनी विचारलं. "तुम्ही एवढे एक्सपर्ट. आता हे पोराईचे फॉर्म राहून गेले तं मी काय उत्तर देऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणालो, "व्हायरस हाये सर. बाहेरून पेनड्राइव्ह येत असन कोणाचा, त्याच्यातून आला."

कोणाचा म्हणून विचारायची गरज नव्हती. लाल पेनड्राइव्ह काळ्या दोऱ्यासकट टेबलावरच होता. सचिवांनी तो दोऱ्याला धरून उचलला, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तसा. "मॅडम, हे कोणाच्या परवानगीनं?" ताई म्हणाल्या, "सर, पोराईचे दाखले हायेत त्याच्यात." मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्याकडून एक वाक्य त्यांना हवं होतं: पेनड्राइव्हनं असं होत नाही. मी खाली बसून केबलची टोकं तपासू लागलो. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं, हे मला चपराशाकडून कळलं. मी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच होतो, कारण काम झालेलं नव्हतं. ताईंची खुर्ची रिकामी आणि मी तिच्यावर बसलेलो. नेटवर्कची केबल मी सहज, चिडून, उपटली आणि पाणी प्यायला उठलो. परत आलो तरी मशीन चालूच. अर्धा तास गेला, चालूच. केबल लावली, सहा मिनिटांत निळं. दुसऱ्या मशीनवर करून पाहिलं, तेच. आजार पेनड्राइव्हमधून येत नव्हता, तारेतून येत होता.

पुढचं सगळं मग भराभर उलगडत गेलं. कुठल्या तरी देशातून, कोणाला ना कोणाला शोधत फिरणारा एक किडा माझ्या उघड्या दारातून कोपऱ्यातल्या मशीनमध्ये शिरला होता. ते एक मशीन पडत नव्हतं, म्हणून त्याच्यावर कोणाचा संशय नव्हता. ते तिथे बसून बाकीच्या सहांना वाकडे संदेश पाठवत होतं. असं समजा, पोत्यावर लिहिलंय चाळीस किलो आणि आत भरलंय सत्तर. हमाल लिहिलेल्यावर विश्वास ठेवून पोतं पाठीवर घेतो आणि तिथेच बसतो. मशीनमध्ये नेटवर्कचे संदेश उतरवून घेणारा जो भाग असतो, तो तसाच बसत होता आणि त्याच्यासकट सगळं मशीन बसत होतं. ताईंनी वहीत उतरवलेलं पडद्यावरचं नाव नेमकं त्याच भागाचं होतं. आणि ही गोष्ट दुरुस्त करणारा पॅच कितीतरी महिन्यांपूर्वी येऊन गेला होता. अपडेट चालू असतं तर तो आपसूक बसला असता.

मी दार बंद केलं. कोपऱ्यातलं मशीन पुसलं. पहारेकरी जागे केले. पॅच सातही मशीनांत एकेक करून घातला, आणि तो घालायला वापरला पेनड्राइव्हच, माझा. चार वाजेपर्यंत सगळी मशीनं केबल लावून ठणठणीत उभी होती. मुलांचे फॉर्म भरले जाऊ लागले. प्राचार्यांनी चहा मागवला, बडे बाबू म्हणाले, "जादूगार हाये बुवा हा माणूस." प्राचार्य म्हणाले, "शेवटी काय होतं ते?"

ती वेळ होती. चहाचा कप हातात होता, सगळे खुशीत होते, माफ करण्याच्या मनःस्थितीत होते. मी म्हणालो, "नेटवर्कमध्ये पसरलं होतं सर. आता बंदोबस्त केला." यातला शब्दन् शब्द खरा होता. माझी आई म्हणायची, खोटं बोलणाऱ्यापेक्षा अर्धं बोलणारा वाईट. तिला मी तेव्हा हसायचो.

ताईंच्या घरी मी जाऊ शकलो असतो. वस्ती कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. मी मोटरसायकलला किक मारली आणि वणीचा रस्ता धरला.

घरी येऊन वही शांतपणे वाचली. मशीन पडल्याच्या अकरा नोंदी होत्या. अकराही वेळी पडद्यावरचं तेच नाव, एकेक अक्षर बरोबर. सातवी नोंद अशी: 'मशीन ३, दुपारी १२.१०. मी रजेवर. चपराशीकाकांनी पडद्यावरून उतरवून ठेवले, त्यावरून लिहिले.' म्हणजे त्या दिवशी ताई नव्हत्या, त्यांचा पेनड्राइव्ह नव्हता, तरी मशीन पडलंच होतं. निर्दोष असल्याचा पुरावा बाईने स्वतःच्या हाताने लिहून माझ्या हातात दिला होता. अकराही ओळींत शेवटचा रकाना कोरा होता. मी सांगेन म्हणून ठेवलेला.

त्यानंतर दोन महिने मी वेड लागल्यासारखा फिरलो. घाटंजीपर्यंत जिथे जिथे माझी मशीनं होती तिथे जाऊन दारं बंद केली, अपडेट चालू केलं, पॅच घातले. लोक म्हणायचे, "फुकटात काहून करून राह्यले?" मी म्हणायचो, "सेवा." लोक चार ठिकाणी कौतुक सांगायचे, त्यातून मला आणखी कामं मिळाली. पापातून पुण्य काढावं आणि त्याचंही दुकान चालावं, असं ते झालं. जिथे जायला हवं होतं तिथे मात्र गेलो नाही. एक प्रश्न रोज स्वतःला विचारायचो आणि उत्तर येण्याआधी रेडिओ लावायचो: त्या खुर्चीवर सचिवांचा भाचा बसलेला असता, तर 'पेनड्राइव्ह' हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता का? पुढे त्या खुर्चीवर सचिवांचा भाचाच बसला. तो वही लिहीत नाही.

वही दुकानाच्या खणात राहिली. जागा बदलली, फर्निचर बदललं, वही प्रत्येक वेळी नव्या खणात गेली. बायकोने एकदा विचारलं, "कोणाची हाये?" मी म्हणालो, "गिऱ्हाइकाची." तिने माझ्याकडे पाहिलं आणि झाडू मारत पुढे गेली.

सहा वर्षांनी, यंदा, दिवाळीनंतरच्या एका सकाळी ताई दुकानात आल्या. मी आधी ओळखलं नाही. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. स्टुलावर बसल्या, पाणी घेतलं.

"भाऊ, माझी वही तुमच्याकडं राह्यली," त्या म्हणाल्या. "असन तं पाहिजे होती."

मी खण उघडला. वही काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "आता कायले लागली, ताई?"

त्यांनी सांगितलं, ते मला ऐकवत नव्हतं. इतकी वर्षं त्या घरी मुलांच्या शिकवण्या घेत होत्या. ऑपरेटरच्या जागेसाठी तीन ठिकाणी गेल्या. टायपिंगमध्ये पहिल्या येत, मग ते लोक जुन्या कॉलेजात फोन लावत आणि तिकडून उत्तर येई, "हो हो, व्हायरसवाली मॅडम." गावात पोरंही तेच नाव घ्यायची. आता जवळच्या एका शाळेत जागा निघाली होती. तिथल्या मुख्याध्यापिकेने फोन केला, तेच ऐकलं, पण ती बाई वेगळी निघाली. म्हणाली, तुमच्याकडे काही कागद असेल तर घेऊन या, मी वाचीन.

"सोमवारी बोलावलं हाये," ताई म्हणाल्या. "ह्याच्याबिगर माझ्याजवळ दुसरं काई नाई."

मग मी बोललो. दार, झोपवलेला पहारेकरी, बंद अपडेट, किडा, सगळं. सहा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य शेवटी म्हणालो, "ताई, ते तुमच्या पेनड्राइव्हनं नव्हतं झालं. माझ्यानं झालं होतं."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर चिडतील. त्या म्हणाल्या, "मले कायले सांगता? मले तं माहीतच होतं, माझ्यानं नाई झालं." वही उघडून त्यांनी माझ्याकडे फिरवली आणि काउंटरवरचं माझंच पेन माझ्यासमोर ठेवलं. "रकाना रिकामा हाये. भरा."

मी पहिल्या ओळीत लिहिलं: 'राउटरमधील दार मी उघडे ठेवले व अपडेट मी बंद केले, त्यामुळे.' दुसऱ्या ओळीत 'वरीलप्रमाणे' असं लिहू लागलो.

"तसं नाई," त्या म्हणाल्या. "हरेक ओळीत पुरं लिहा. मी पुरं लिहलं होतं."

मी पुरं लिहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, त्यांना मी बसा म्हणालो नाही की जा म्हणालो नाही. एक जण मान वाकडी करून वाचत होता. तो एका पतसंस्थेचा माणूस होता, त्यांची नऊ मशीनं माझ्याकडे. वाचू दिलं. 'मी उघडे ठेवले', 'मी बंद केले'. माझं अक्षर मुळातच गचाळ. त्यांच्या रेघांच्या चौकटीत ते बसत नव्हतं. सातव्या ओळीशी पेन थांबलं. मी थांबवलं नव्हतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. मी लिहिलं.

अकरा झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता खाली एक वाक्य. मी सांगते तसं." आणि शाळेत शुद्धलेखन घालतात तशा संथपणे त्यांनी सांगितलं: "यात पेनड्राइव्हचा दोष नव्हता, हे मला... तारीख टाका... या दिवशी माहीत होते." त्याखाली सही आणि दुकानाचा शिक्का.

मी तारीख टाकली. ज्या दिवशी केबल उपटली आणि मशीन पडलं नाही, त्या दुपारची. सहा वर्षं मी स्वतःला हीच तारीख सांगत आलो होतो.

ताईंनी तारीख वाचली. मग बोट वर नेत सातव्या ओळीवर ठेवलं. 'मी रजेवर.'

"कार्यालयात तुमी वही उघडली होती, भाऊ. मी तुमच्याकडंच पाहून राह्यली होती. तुमचं बोट इथंच थांबलं होतं. मंग तुमी वही मिटली." त्यांचा आवाज चढला नव्हता. "वाचली होती ना ही ओळ?"

मी गिऱ्हाइकांकडे पाहिलं नाही. "हो," म्हणालो. "वाचली होती."

त्यांनी मान हलवली आणि शिक्क्याच्या शाईची डबी माझ्याकडे सरकवली.

"मंग ते खोडा," त्या म्हणाल्या, "अन् तारीख त्या दिवसाची टाका."